केसाने गळा

२००५ साली टोरांटोमधल्या एका लहानग्याला झटके आले आणि त्याला तातडीने रुग्णालयात आणले गेले. वय इतके कोवळे की काय झाले ते त्याला सांगता येणे शक्य नव्हते. तपासणीत अंगात कोकेन सापडले. मूल वाचले, पण एक प्रश्न मागे उरला. हे विष त्याच्या पोटात एकदाच गेले, की कुणी ते त्याला महिनोन्महिने देत होते? उत्तर शोधण्यासाठी त्याच्या डोक्यावरचे थोडे केस कापण्यात आले आणि शहरातल्या जगप्रसिद्ध बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. गिडियन कोरेन यांनी न्यायालयात साक्ष दिली. केसांवरून त्यांनी निष्कर्ष काढला होता की वर्षभराहून अधिक काळ, सुमारे चौदा महिने, कोकेन त्या मुलाच्या शरीरात मोठ्या प्रमाणात जात होते. त्याच्या तरुण आईला २००९ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि पुढच्या वर्षी सात वर्षांची शिक्षा झाली. साक्षीदार नामवंत, रुग्णालयाचे नाव मोठे आणि समोर यंत्रातून आलेले आकडे. शंका घ्यावी असे वरवर पाहता काहीच नव्हते.

पाच वर्षांनी ही साक्ष अपिलात टिकली नाही. आणि मग एकेक धागा ओढला जाऊ लागला तसे लक्षात आले की याच प्रयोगशाळेच्या अहवालांवर विसंबून हजारो आईवडिलांची पारख झाली होती, त्यांची मुले घरातून नेली गेली होती, काही कायमची दुसऱ्यांच्या घरी दत्तक गेली होती. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या इतिहासातले हे प्रकरण ‘मदरिस्क’ या नावाने ओळखले जाते.

केसाची रोजनिशी

केसांची तपासणी मुळात मोहात पाडणारी कल्पना आहे. कोकेन रक्तातून काही तासांत ओसरते, लघवीत त्याच्या खुणा दोन-चार दिवस टिकतात. केसाचे तसे नाही. टाळूच्या कातडीखाली केसाच्या मुळाशी रक्त खेळत असते. त्या रक्तात जे असेल त्याचा सूक्ष्म अंश वाढत्या केसात अडकतो आणि केसाबरोबर बाहेर येतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून मोजत गेलो तर प्रत्येक सेंटिमीटर हा मागचा एकेक महिना. शरीराने आपोआप लिहिलेली रोजनिशीच जणू.

१९७९ मध्ये अमेरिकेत वर्नर बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइन घेणाऱ्यांच्या केसांत अफूजन्य पदार्थांचे अंश मोजून दाखवले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, कोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. गरोदरपणात आईने कोकेन घेतले असेल तर ते नवजात बाळाच्या केसांवरून ओळखता येते, असा त्याचा आशय होता. तो काळ उत्तर अमेरिकेत कोकेनच्या लाटेचा होता. व्यसनी आयांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असत. अशा वेळी आईचे बोलणे खरे की खोटे हे तिच्या केसांवरून कळेल, या आश्वासनाला मोठे वजन होते.

पण ही रोजनिशी उघड्यावर पडलेली असते. केसाला धूर लागतो, घाम लागतो, कोकेनची पूड हाताळलेला हात लागतो. बाहेरून चिकटलेला अंश आणि आतून आलेला अंश वेगळा काढायचा तर केस आधी नीट धुवावे लागतात, धुतलेले पाणीही तपासावे लागते, आणि तरीही शंभर टक्के खात्री देता येत नाही. लहान मुलांचे केस पातळ आणि सच्छिद्र असतात, त्यामुळे बाहेरचे ते अधिक शोषतात. काळ्या केसांतल्या मेलॅनिनला कोकेनसारखी द्रव्ये जास्त चिकटतात. रंग लावलेल्या किंवा रसायनांनी सरळ केलेल्या केसांतून ती निघून जातात. म्हणूनच सारखेच कोकेन घेतलेल्या दोन माणसांच्या केसांत सारखाच आकडा येईल असे नाही. किती घेतले आणि नेमके केव्हा घेतले हे केसावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

तपासणीच्या पद्धतींतही मोठा फरक आहे. एलायझा नावाची पद्धत स्वस्त आणि झटपट असते. तिच्यात प्रतिद्रव्य हे कुलपासारखे आणि शोधायचा पदार्थ किल्लीसारखा असतो. पण मिळत्याजुळत्या किल्लीनेही हे कुलूप कधी कधी उघडते. त्यामुळे एलायझा ही चाळणी आहे. तिने वेगळे काढलेले नमुने पुढे दुसऱ्या, जास्त काटेकोर चाचणीने पडताळायचे असतात. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडयंत्रात रेणू आधी एकमेकांपासून सुटे होतात, मग त्यांचे तुकडे करून ते तोलले जातात. प्रत्येक पदार्थाची तुकड्यांची ठेवण वेगळी असते, म्हणून ओळख पक्की होते. न्यायालयात उभे राहायचे असेल तर ही दुसरी पायरी चढावीच लागते, हे विषशास्त्राच्या जगात सर्वमान्य होते.

दवाखान्यात चाळणीने काम भागू शकते. डॉक्टरला संशय आला तर तो रुग्णाशी बोलतो, पुन्हा तपासतो. चूक झाली तर ती दुरुस्त करायला वाव असतो. न्यायालयात त्याच आकड्यावर मूल आईपासून दूर जाते. म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेची शिस्त वेगळी असते. नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला याची अखंड नोंद, प्रत्येक पायरीची लेखी कार्यपद्धती, जपून ठेवलेली मूळ आकडेवारी, दुसऱ्या तज्ज्ञाची तपासणी, बाहेरच्या संस्थेची मान्यता, हे सगळे तिथे लागते. मदरिस्कची सगळी कथा या दोन जगांमधला फरक पुसला गेल्याची आहे.

इस्पितळाचे नाव

टोरांटोच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन’ उभे आहे. शहरात सगळे त्याला सिककिड्स म्हणतात. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाबद्दल तिथल्या लोकांच्या मनात केवळ आदर नाही, माया आहे. लहान मुलांसाठीचे पॅब्लम हे पौष्टिक खाद्य १९३० च्या सुमारास इथल्याच डॉक्टरांनी तयार केले. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे जनुक १९८९ मध्ये इथल्याच संशोधकांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी शोधले. अशा संस्थेच्या कागदावर आलेला अहवाल हातात पडला की तो खोटा असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

मदरिस्क हा उपक्रम कोरेन यांनी इथे १९८५ मध्ये सुरू केला, आणि त्याचा हेतू मोलाचा होता. गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळे व्यंगासह जन्मली, त्या शोकांतिकेनंतर गरोदर बायकांना साध्या गोळीचीही धास्ती वाटे. कोणते औषध चालते, कोणते टाळावे, हे फोनवरून सांगणारी सेवा मदरिस्कने चालवली. असंख्य बायकांना तिने धीर दिला. जिथे बाई घाबरून विचारते आणि तिला आधार मिळतो, अशी ती जागा होती.

याच छत्राखाली केस तपासणारी प्रयोगशाळा वाढली. सुरुवातीला तिचे काम संशोधनाचे होते. पुढे मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या ‘चिल्ड्रेन्स एड सोसायटी’ नावाच्या संस्था तिच्याकडे नमुने पाठवू लागल्या. ऑन्टारियोत या संस्थांना कायद्याने मोठे अधिकार आहेत. घरात मुलाला धोका आहे असे वाटले तर त्या त्याला ताब्यात घेऊ शकतात आणि न्यायालयात अर्ज करू शकतात. ऑन्टारियोबाहेरच्या प्रांतांतूनही नमुने येऊ लागले. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत बालसंरक्षणाच्या कामासाठी या प्रयोगशाळेने १६,००० हून अधिक व्यक्तींचे २४,००० हून अधिक नमुने तपासले. उपचारासाठी जन्मलेली प्रयोगशाळा आता पुरावा तयार करत होती. मधल्या काळात तिच्या कामाची शिस्त मात्र बदलली नाही.

नाही म्हणायची सोय नव्हती

ज्यांचे केस कापले गेले ती माणसे बहुतेक गरीब होती. कुणी खरोखर व्यसनाशी झगडत होते, कुणी त्यातून बाहेर पडले होते, कुणावर नुसता संशय होता. संस्थेची कार्यकर्ती सांगे की केसांची तपासणी करून घ्या. कागदोपत्री संमती घेतली जाई. पण नकार दिला तर लपवण्यासारखे काहीतरी असणार असा अर्थ निघे, आणि मूल आधीच संस्थेच्या ताब्यात असेल तर नकार देणार कोण? त्यातून आलेल्या संमतीला संमती म्हणायला मन धजत नाही.

अनेकांनी मात्र आशेने केस दिले. आपण दारू सोडली आहे, नशेपासून दूर आहोत, हे आता विज्ञानच सिद्ध करेल असे त्यांना वाटले. डोक्याच्या मागच्या बाजूने, अगदी टाळूलगत, पेन्सिलीएवढ्या जाडीची बट कापली जाई. मराठीत केसाने गळा कापणे म्हणजे विश्वासात घेऊन घात करणे. हा वाक्प्रचार मी आजवर अनेकदा वापरला असेन, पण या आयांबद्दल वाचताना त्याची धार पहिल्यांदा जाणवली. त्यांनी स्वतःच्या हाताने सोपवलेला केस त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला.

आदिवासी समाजांतल्या, म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांसाठी केस पवित्र असतात. त्यांच्या आजी-आजोबांना लहानपणी सरकारी निवासी शाळांमध्ये नेऊन त्यांचे केस कापले गेले होते. आता मुले परत मिळावीत म्हणून पुन्हा केस द्यायचे होते. लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात ही कुटुंबे या तपासण्यांच्या कचाट्यात सापडली.

फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो. बालसंरक्षणाच्या खटल्यात ‘शक्यता कोणत्या बाजूला जास्त’ एवढेच पाहिले जाते. बहुतेक प्रकरणे पूर्ण सुनावणीपर्यंत जातच नसत, तडजोडीत मिटत. प्रयोगशाळेचा अहवाल एका पत्राच्या रूपात फाइलीला जोडला जाई. तो लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात बोलावून उलटतपासणी घ्यायची तर प्रतितज्ज्ञ हवा. कायदेविषयक साहाय्यावर अवलंबून असलेल्या आईने तो कुठून आणावा? तिचे वकीलही अनेकदा तिला सांगत, अहवाल सिककिड्सचा आहे, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. अशा रीतीने वर्षे गेली.

आधीची ठेच

या रुग्णालयाला इशारा मिळाला नव्हता असे म्हणता येत नाही. डॉ. चार्ल्स स्मिथ हे इथलेच बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ. संशयास्पद बालमृत्यूंच्या शवविच्छेदनात त्यांचा शब्द वर्षानुवर्षे अखेरचा मानला गेला. न्यायवैद्यकाचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेच नव्हते. २००७ मध्ये त्यांच्या ४५ प्रकरणांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यातल्या २० प्रकरणांत त्यांच्या निष्कर्षांवर गंभीर प्रश्नचिन्ह उभे राहिले. त्यांच्या मतावर विसंबून एका निरपराध माणसाने पुतणीच्या खुनाच्या आरोपाखाली बारा वर्षे तुरुंगात काढली होती. न्यायमूर्ती स्टीफन गूज यांच्या चौकशी आयोगाने २००८ मध्ये सविस्तर अहवाल दिला. चांगला डॉक्टर हा आपोआप चांगला न्यायवैद्यक साक्षीदार होत नाही, हा त्याचा मोठा धडा होता.

त्याच इमारतीत, त्याच वेळी, न्यायवैद्यकाचे प्रशिक्षण नसलेले दुसरे डॉक्टर न्यायालयांसाठी केस तपासत होते. गूज अहवालानंतरही मदरिस्कच्या प्रयोगशाळेचे दार कुणी ठोठावले नाही.

कोरेन यांच्याबद्दलही रुग्णालयाला पुरेसे माहीत होते. १९९० च्या दशकात याच रुग्णालयातल्या डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांनी एका औषधाच्या धोक्यांबद्दल आवाज उठवला, तेव्हा त्यांची आणि त्यांच्या समर्थकांची निंदा करणारी निनावी पत्रे फिरू लागली. कोरेन यांनी आधी इन्कार केला. डीएनए तपासणीने पत्रे त्यांचीच असल्याचे उघड झाल्यावर त्यांनी ते कबूल केले आणि २००० मध्ये त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. तरीही पुढची पंधरा वर्षे हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरवणारी प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली, पुरेशा देखरेखीविना चालली.

दुसऱ्या प्रांतातला साक्षीदार

सुरुवातीला सांगितलेल्या आईचे अपील २०१४ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयापुढे आले. तिच्या वकिलांनी नवा पुरावा मांडला. साक्षीदार होते डॉ. क्रेग चॅटरटन, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनचे शासकीय विषतज्ज्ञ. त्यांनी एक साधा प्रश्न धरून सगळे काम तपासले होते: हे तुम्हाला कसे कळले?

मुलाच्या केसांवरचा निष्कर्ष एलायझा चाचणीवर आधारलेला होता. चाळणीत जे उरले तेच अंतिम सत्य म्हणून न्यायालयापुढे ठेवले होते. पक्की ओळख पटवणारी दुसरी चाचणी मागे उभी नव्हती. शिवाय विषबाधेच्या वेळी घामातून किंवा इतर मार्गांनी केस बाहेरून माखले गेल्याची शक्यता होती. चौदा महिन्यांची कथा ज्या पायावर उभी होती तो पायाच कच्चा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यायालयाने नवा पुरावा दाखल करून घेतला आणि कोकेनशी संबंधित दोषसिद्धी रद्द केली. मुलाला झालेल्या इतर दुखापतींबद्दलची दोषसिद्धी कायम राहिली, हेही सांगायला हवे. ती आई सर्वस्वी निर्दोष होती असा निकाल न्यायालयाने दिला नाही. केसांची साक्ष विश्वासार्ह नव्हती, एवढे मात्र स्पष्ट झाले.

‘टोरांटो स्टार’च्या पत्रकार रेचल मेंडलसन यांनी पुढचा प्रश्न विचारला. एका फौजदारी खटल्यात ही पद्धत चुकली, तर याच पद्धतीने तपासलेल्या हजारो आईवडिलांचे काय? रुग्णालयाने सुरुवातीला आपल्या चाचण्यांची बाजू घेतली. पण बातम्या थांबल्या नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रांत सरकारने निवृत्त न्यायमूर्ती सुसान लँग यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. मार्च २०१५ मध्ये रुग्णालयाने प्रयोगशाळेचे काम थांबवले, एप्रिलमध्ये ती कायमची बंद केली. त्याच महिन्यात सरकारने बालसंरक्षण संस्थांना केसांच्या तपासणीवर विसंबू नका असा आदेश दिला. ऑक्टोबरमध्ये रुग्णालयाने जाहीर माफी मागितली.

लँग यांना काय सापडले

डिसेंबर २०१५ मध्ये लँग यांचा अहवाल आला. २००५ ते २०१५ या काळातली मदरिस्कची केसांची तपासणी बालसंरक्षण आणि फौजदारी, दोन्ही प्रकारच्या खटल्यांत वापरण्यास अपुरी आणि अविश्वसनीय होती, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले.

कारणे एकाहून एक गंभीर होती. २०१० पर्यंत प्रयोगशाळा मुख्यतः चाळणी चाचणीवरच आकडे देत होती आणि खातरजमेची दुसरी पायरी गाळत होती. केस धुण्याची नेमकी शिस्त नव्हती. आवश्यक त्या कार्यपद्धती लिहून ठेवलेल्या नव्हत्या. नमुन्याच्या प्रवासाची नोंद न्यायवैद्यक तोलाची नव्हती. तिथे काम करणाऱ्यांपैकी कुणाला न्यायवैद्यक विषशास्त्राचे आवश्यक प्रशिक्षण नव्हते आणि प्रयोगशाळेला त्या कामाची बाहेरची मान्यताही नव्हती. दारूसाठी केसांतील काही मेदाम्लजन्य घटक मोजले जात. अल्कोहोल असलेला केसांचा फवारा मारला तरी हे घटक वाढू शकतात. अशा आकड्याला व्यसनाचा पुरावा मानून आईला खोटारडी ठरवणे किती सहज घडू शकते, याची कल्पना करा. रुग्णालयाने देखरेखीत कसूर केली, आणि स्मिथ प्रकरणाचा अनुभव गाठीशी असताना ती केली, हेही लँग यांनी स्पष्ट लिहिले.

कोरेन त्याआधीच २०१५ मध्ये रुग्णालयातून निवृत्त झाले होते. वैद्यक परिषदेची चौकशी सुरू असताना २०१९ मध्ये त्यांनी ऑन्टारियोतला वैद्यकीय परवाना कायमचा सोडून दिला.

छप्पन्न घरे

आकडे चुकीचे होते हे समजले. पण त्या आकड्यांनी किती घरे मोडली? हे शोधण्यासाठी जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दोन वर्षे फाइली वाचून आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली. फेब्रुवारी २०१८ च्या अहवालात त्यांनी सांगितले की त्यातल्या ५६ प्रकरणांत मदरिस्कच्या तपासणीचा निकालावर मोठा परिणाम झाला होता.

छप्पन्न हा आकडा लहान वाटेल. पण आयोगाने फक्त अशीच प्रकरणे मोजली होती जिथे अंतिम निकालावरच तपासणीचा मोठा परिणाम झाल्याचे दिसत होते. इतर असंख्य घरांत तपासणीने भेटींचे तास कमी झाले, खटला लांबला, आईच्या शब्दावरचा विश्वास उडाला. आणि त्या छप्पन्न घरांपैकी अहवाल येईपर्यंत फक्त चार घरांत मुले परत आली होती.

बाकीच्यांचे काय? ऑन्टारियोच्या कायद्यात दत्तकाचा आदेश अपिलाची छोटी मुदत उलटली की अंतिम होतो. पुरावा खोटा ठरला तरी तो उलटवता येत नाही. त्यामागचा विचार क्रूर नाही. नव्या घरात रुजलेल्या मुलाला पुन्हा उपटू नये, हा विचार मुलाच्याच भल्याचा आहे. दोन वर्षांच्या वयात नेलेले मूल आठ-दहा वर्षे दुसऱ्या आईला आई म्हणत मोठे झालेले असते. त्याला आता काय सांगायचे, कुणी सांगायचे आणि केव्हा? चुकीचे निकालपत्र दुरुस्त करता येते, पण या प्रश्नांना चांगले उत्तर कोणाकडेच नाही. म्हणूनच या खटल्यांत पुरावा आधी तपासायला हवा होता.

बीमन यांनी आणखी एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. तपासणी अचूक असती तरीही केसातला अंश पालकत्व मोजत नाही. आई मुलाला वेळेवर जेवू घालते का, ताप आला तर रात्रभर जागते का, हे कुठल्याच आकड्यात उतरत नाही. घरी जाऊन बघण्याची, शेजाऱ्यांशी आणि शिक्षिकेशी बोलण्याची मेहनत एका आकड्याने वाचवली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

आपल्या न्यायालयांचे दार

इंग्लंडच्या कुटुंब न्यायालयांनी याच विषयावर पायरीपायरीने शहाणपण कमावले. केवळ दारूसाठीच्या केसांच्या तपासणीवर विसंबू नये, तिला इतर पुराव्यांच्या जोडीनेच वाचावे, असे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०१७ मध्ये न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी एका निकालात तज्ज्ञांनी अहवाल कसा लिहावा आणि न्यायालयाने तो कसा वाचावा याचे सविस्तर मार्गदर्शन केले. त्याच वर्षी ट्रायमेगा या प्रयोगशाळेने २०१० ते २०१४ दरम्यान केलेल्या चाचण्या अविश्वसनीय असू शकतात असे जाहीर झाले. त्यांतही मुलांच्या ताब्याची प्रकरणे होती. म्हणजे हा धोका एका शहरापुरता किंवा एका डॉक्टरापुरता नव्हता.

आपल्याकडे कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ चा आहे. त्याच्या कलम १४ नुसार, वाद सोडवायला मदत होईल असे वाटले तर न्यायालय कोणताही अहवाल किंवा कागद पुरावा म्हणून घेऊ शकते, मग तो एरवी पुरावा कायद्यात बसो वा न बसो. कलम १३ नुसार वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. या तरतुदींमागचा हेतू मायेचा आहे. नवरा-बायकोच्या, लेकरांच्या भांडणात तांत्रिक कायद्याने गळचेपी होऊ नये, माणसांना मोकळेपणाने बोलता यावे. मदरिस्कची फोनसेवाही मायेनेच सुरू झाली होती. पण ज्या दारातून माणूस सहज आत येतो त्याच दारातून न तपासलेला कागदही आत येतो. खाजगी प्रयोगशाळांचे अहवाल आता शहरोशहरी मिळतात. मुलाचा ताबा मागणारा उद्या असा एखादा कागद वांद्र्याच्या किंवा शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात ठेवेल, तेव्हा ऑन्टारियोची ही दहा वर्षे आठवायला हवीत.

टोरांटोतल्या आईला अखेर चॅटरटन मिळाले, कारण ती फौजदारी आरोपी होती, तिला शिक्षा झाली होती आणि तिच्यासाठी अपिलाची वाट खुली होती. ज्यांचे मूल गेले पण ज्यांना तुरुंग झाला नाही, त्यांच्यासाठी एडमंटनहून कोणीच आले नाही. कुटुंब न्यायालयात एकटी उभी असलेली बाई प्रयोगशाळेच्या कागदाला प्रश्न विचारू शकत नाही. तिला त्यातले शब्दही कळत नाहीत. म्हणून तो प्रश्न न्यायाधीशाने विचारायचा असतो. चाळणी झाली, खातरजमा झाली का? केस धुतले होते का? नमुना कुणाकुणाच्या हातून आला? दुसरा भाग फेरतपासणीसाठी जपला आहे का? आणि तिच्या घरी जाऊन कुणी पाहिले का? अहवालावर कितीही मोठ्या इस्पितळाचे नाव असो, ही उत्तरे मिळाल्याशिवाय मुलाला त्याच्या घरातून हलवू नये.